पंप उतरवण्याआधी एकदा हवा तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

विषय : सेल्फ फिरूनही सुरू न होणाऱ्या जुन्या पिकअप गाड्या आणि तपासणीआधीच बदलले जाणारे सुटे भाग.

चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो आणि त्याआधीचे तीन-चार दिवस आमच्या यावल तालुक्यातील वांगी उत्पादकांना वर्षातले सर्वांत मोलाचे असतात, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु मानांकनाचे वांगेसुद्धा उजाडण्यापूर्वी बाजारात उतरले नाही, तर त्याचा भाव इतर वांग्यांसारखाच पडतो. गेल्या हंगामात नेमक्या त्याच दिवसांत, रात्री माल भरून ठेवलेली माझी २००८ सालची डिझेल पिकअप पहाटे साडेतीन वाजता सुरू झाली नाही. सेल्फ जोमाने फिरत होता, दिवे लख्ख होते, टाकीत अर्ध्याहून अधिक डिझेल होते. इंजिन मात्र एकदाही धरत नव्हते. त्या पहाटेपासून पुढच्या तीन आठवड्यांत माझे जवळजवळ तीस हजार रुपये खर्च झाले आणि खरा दोष अखेर नव्वद रुपयांत दुरुस्त झाला. पैसे गेल्याचे दुःख आहेच, पण ते ज्या पद्धतीने गेले ती पद्धत आमच्या भागातील अनेक गाडीमालकांच्या वाट्याला येत असल्याचे मी पाहत आलो आहे, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

त्या दिवशी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने गाडी ओढून पाहिली, ती धरली नाही. दुसरी गाडी भाड्याने करून माल पाठवला आणि दुपारी आमची गाडी ओढत एका गॅरेजमध्ये नेली. तेथे सेल्फ दोन-तीन वेळा मारून पाहण्यात आला आणि पाच मिनिटांच्या आत ‘पंप गेला’ (म्हणजे सिलिंडरमध्ये फवारा मारणाऱ्या नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणारा पंप बिघडला) असा निकाल मिळाला. बॅटरीही एव्हाना सेल्फ मारून मारून उतरली होती, तेव्हा तीही नवी घ्यावी असे ठरले. पंप उतरवून शहरातील पंप-नोझलच्या दुकानात गेला, सहा दिवसांनी परत आला, त्याचे १८,५०० रुपये झाले आणि नव्या बॅटरीचे ६,५०० रुपये. पंप बसवल्यावर गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. सर्वांना समाधान वाटले, मलाही वाटले. तिसऱ्या दिवशी पहाटे गाडी पुन्हा तशीच उभी राहिली.

या ‘पहिल्याच सेल्फला सुरू झाली’ या गोष्टीवर मला वाचकांचे विशेष लक्ष वेधायचे आहे, कारण चुकीच्या निदानाला खरेपणाचा आधार मिळतो तो येथेच. पंप काढून पुन्हा बसवला की पाइपांमध्ये शिरलेली हवा काढावीच लागते. ती काढल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. म्हणजे मिस्तरींनी पंपाच्या कामाचा एक भाग म्हणून जी हवा काढली, तेच माझ्या गाडीवरचे खरे, पण तात्पुरते औषध होते. श्रेय मात्र पंपाला मिळाले. डिझेल फिल्टर बदलल्यावर गाडी सुरू होते आणि दोष फिल्टरचा ठरतो, नोझल तपासून बसवल्यावर सुरू होते आणि दोष नोझलचा ठरतो, यातही पुष्कळदा असेच घडते. मिस्तरी खोटे बोलत नसतात. त्यांच्या डोळ्यांसमोर गाडी सुरू झालेली असते; ती कशामुळे सुरू झाली हे वेगळे करून पाहिलेले नसते एवढेच.

माझी सुटका झाली ती नात्यातल्या एका वयोवृद्ध मिस्तरींमुळे. अमळनेरकडच्या या मामांनी चाळीसहून अधिक वर्षे डिझेल इंजिनांवर काम केले असून आता ते काम करीत नाहीत. लग्नाच्या निमित्ताने ते आमच्याकडे आले होते. माझी हकीगत ऐकून ते अहिराणीत एवढेच म्हणाले, ‘पहिले हवा देख, मंग पंपले हात लाव.’ त्यांनी पाच लिटरचा एक स्वच्छ कॅन डिझेलने भरून बॉनेटच्या वर उंचावर बांधला, टाकीकडून येणारी नळी सोडवून त्या जागी कॅनमधून एक पारदर्शक नळी जोडली, परतीची (जास्तीचे डिझेल टाकीकडे परत नेणारी) नळीही त्याच कॅनमध्ये सोडली, इंजिनाजवळच्या डिझेल पुढे ढकलणाऱ्या छोट्या हातपंपाने हवा काढली आणि मला सेल्फ मारायला सांगितले. गाडी सुरू झाली. ती रात्रभर तशीच कॅनवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सेल्फ मारला. एका दमात सुरू झाली. मग कॅन काढून टाकीची नळी पूर्ववत जोडली. त्यानंतरच्या पहाटे गाडी पुन्हा मेलेली. टाकी आणि पंप यांच्यामध्ये कोठेतरी हवा शिरते, पंप निर्दोष आहे, हे दोन पहाटांत आणि एक पैसाही खर्च न करता सिद्ध झाले. शोध घेता चासीवरून येणारी लोखंडी नळी जेथे रबरी नळीला मिळते, तेथे क्लिपच्या खाली रबराला केसाएवढी चीर गेलेली आढळली. वीतभर रबरी नळी आणि दोन क्लिपा यांचे नव्वद रुपये झाले. त्यानंतर आजतागायत ती तक्रार आलेली नाही.

कोणालाही पडेल तो प्रश्न मलाही पडला होता, की चीर होती तर तेथून डिझेल गळून खाली डाग का पडला नाही? याचे उत्तर डिझेलच्या वाटेतच आहे. टाकी खाली असते आणि पंप वर. पंपाकडे डिझेल ओढून न्यावे लागते, त्यामुळे टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) या भागात नळीच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. अशा नळीला चीर गेली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडी चालू असताना शिरणारी थोडी हवा डिझेलच्या ओघाबरोबर परतीच्या नळीने टाकीत निघून जाते आणि चालकाला काही जाणवत नाही. पण रात्रभर गाडी उभी राहिली की त्या चिरेतून हवा आत येत राहते, नळीतले डिझेल हळूहळू टाकीकडे उतरते आणि पहाटे पंपासमोर डिझेलऐवजी हवा उभी असते. हवा दाबली तरी तिच्या जोरावर नोझल उघडत नाही, कारण हवा दबत जाते आणि डिझेल दबत नाही. म्हणून आमच्याकडे ‘गाडीने एअर घेतली’ असे म्हणतात, ते अगदी शब्दशः खरे आहे. जमिनीवर डाग नाही म्हणून नळ्या ठीक आहेत असे मानणे ही या बाबतीतली सर्वांत मोठी चूक आहे आणि ती मी स्वतः केली होती.

सेल्फ फिरतो आणि इंजिन धरत नाही, या एका वाक्यात पाच-सहा वेगवेगळे दोष लपलेले असतात. ते वेगळे करण्यासाठी मामांनी मला जो क्रम शिकवला, तो मी त्यानंतर गावातल्या सात-आठ गाड्यांवर वापरून पाहिला आहे आणि त्याचा उपयोग होतो, असे मी जबाबदारीने सांगू शकतो. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा साधारण सतरा ते वीस पट दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत बारीक फवाऱ्याने आलेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनाचे हेच तत्त्व होते आणि आज आमच्या खळ्यात उभ्या असलेल्या गाडीचेही तेच आहे. तेव्हा गाडी सुरू होत नाही याचा अर्थ एकतर डिझेल पोहोचत नाही, किंवा ते पोहोचते पण हवा पुरेशी तापत नाही, किंवा हवाच पुरेशी मिळत नाही. या तिन्हींपैकी काय झाले आहे, हे सांगणारा साक्षीदार सायलेन्सरच्या तोंडाशी असतो.

एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने मागे उभे राहून धूर पाहावा. दहा सेकंद सेल्फ मारूनही धुराचा मागमूस नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही, असे समजून पुढचा तपास डिझेलच्या वाटेवर करावा. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही. तेथे हीटर प्लग (थंड इंजिनात सिलिंडर तापवणारे प्लग), कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचे प्रमाण), पंपाचे टायमिंग (डिझेल सोडण्याची नेमकी वेळ) किंवा डिझेलमधील पाणी यांचा विचार करावा. काळा धूर येत असेल तर डिझेल आहे, हवा कमी आहे. एअर फिल्टर उघडून पाहावा. आमच्याकडे कापसाच्या हंगामात फिल्टर धुळीने आणि तंतूंनी गच्च होतो. महिनाभर उभ्या असलेल्या एका गाडीच्या हवेच्या नळीत मी उंदराचे घरटेही पाहिले आहे. पंप सुटा करायला मिस्तरीने पाना हातात घेण्याआधी एवढी एकच गोष्ट पाहिली गेली असती, तर माझे पंचवीस हजार वाचले असते, कारण माझ्या गाडीतून त्या पहाटे धुराचा कणही निघत नव्हता आणि ही गोष्ट मला गॅरेजमध्ये कोणी विचारली नाही.

धूर पाहण्याच्याही आधी सेल्फचा आवाज ऐकावा. सेल्फ ‘फिरतो’ एवढे पुरेसे नाही, तो कसा फिरतो हे महत्त्वाचे आहे. हवा तापायची असेल तर ती झपाट्याने दाबली गेली पाहिजे; सेल्फ रेंगाळत फिरला तर उष्णता सिलिंडरच्या भिंतींना निघून जाते आणि डिझेल पेटत नाही. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि सेल्फ मारताना तो आकडा साडेनऊ-दहाच्या खाली जाता कामा नये. जात असेल, तर बॅटरी बदलण्यापूर्वी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी घासावी आणि इंजिन व चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी पाहावी. ही पट्टी गंजून तुटायला आलेली असते आणि भुर्दंड नव्या बॅटरीचा बसतो. याउलट सेल्फ नेहमीपेक्षा फारच हलका आणि एकसारख्या आवाजात गरगर फिरत असेल, दाबाचा तो ओळखीचा ‘घुक्-घुक्’ ठेका ऐकू येत नसेल, तर तेथेच थांबावे. एकतर सेल्फची पिनियन (छोटे दातेरी चाक) इंजिनाच्या फ्लायव्हील या मोठ्या चाकाला लागत नाही, किंवा व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाशी जुळती ठेवणारा टायमिंग बेल्ट तुटला आहे. दुसऱ्या शक्यतेत गाडी धक्का मारून वा ओढून सुरू करण्याचा प्रयत्न केला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि हजाराचे काम लाखाच्या घरात जाऊ शकते. मी स्वतः त्या पहाटे ट्रॅक्टरने गाडी ओढली, हे आठवले की आज भीती वाटते.

धूर नाही असे ठरल्यावर तपास कोठून सुरू करावा? सर्वांत सोप्या गोष्टीपासून. टाकीत खरोखर डिझेल आहे काय, हे काट्यावर विश्वास न ठेवता काठीने पाहावे, कारण जुन्या गाड्यांचा फ्लोट अडकतो आणि काटा अर्ध्यावर थांबतो. जुन्या पिकअपमध्ये इंजिन बंद करण्यासाठी ओढायची दांडी असेल, तर ती पूर्ण आत गेली आहे की केबल अडकून अर्धवट राहिली आहे, हे पाहावे. तसे असेल तर पंपाचा दांडा बंदच्या जागी राहतो आणि पंप डिझेल देत नाही. दांडीऐवजी विजेवर चालणारा स्टॉप सोलेनॉइड (पंपाचे डिझेल चालू-बंद करणारा भाग) असेल, तर चावी फिरवताच पंपावर ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. आवाज नसेल तर टेस्ट लॅम्प लावून त्याच्या वायरीत करंट येतो का ते पाहावे. फ्यूज उडालेला, सॉकेट सैल झालेले, किंवा उंदरांनी वायर कुरतडलेली असते. करंट येत असूनही आवाज नसेल तर सोलेनॉइड गेला आहे. तो स्वतंत्र बदलता येतो, त्यासाठी पंप उतरवण्याची गरज नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे, कारण सोलेनॉइडच्या दोषापायी पूर्ण पंप दुरुस्तीला गेल्याची दोन उदाहरणे मला माझ्या परिचयात ठाऊक आहेत.

यानंतर हवा. फिल्टरवरील हवेचा स्क्रू दोन आटे सैल करून हातपंप मारावा. आधी फेस आणि बुडबुडे येतात, मग बुडबुड्यांविना अखंड धार येते. धार आल्यावर हातपंप चालू ठेवूनच स्क्रू आवळावा. यांत्रिक पंपाच्या जुन्या गाडीत यानंतर नोझलच्या पाइपांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारतात आणि डिझेल आले की आवळतात. हे करताना हात, चेहरा किंवा चिंधीसुद्धा त्या फवाऱ्याच्या वाटेत ठेवू नये. दाबाखालचे डिझेल कातडी भेदून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते आणि तिच्यापायी बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाल्यास दुखत नसले तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. हवा काढून गाडी सुरू झाली आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच झाले, तर काम पूर्ण झाले नाही, असे समजावे. हवा काढणे हा उपचार आहे. हवा कोठून येते हे शोधणे हे निदान आहे. रबरी नळ्यांची टोके, क्लिपा, फिल्टरची रबरी सील, बंजो बोल्टखालचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे वॉशर, हातपंपाचा फाटलेला डायफ्रॅम, या सगळ्या जागा एकेक करून पाहाव्या लागतात. वर सांगितलेला कॅनचा प्रयोग केला, तर शोधाचे क्षेत्र निम्म्याने कमी होते. आमच्या भागातील शेतरस्त्यांची आणि त्यावर भरलेल्या गाडीला बसणाऱ्या हादऱ्यांची कल्पना असणाऱ्याला क्लिपा सैल होण्याचे आश्चर्य वाटणार नाही. आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे रबर किती वर्षे टिकेल, याचा हिशेबही खान्देशी माणसाला करून दाखवावा लागत नाही.

पाण्याबद्दल थोडे. शेतावर ड्रममध्ये साठवलेले डिझेल, पावसाळ्यात उघडी राहिलेली झाकणे आणि रात्रीच्या गारव्यात अर्ध्या रिकाम्या टाकीच्या भिंतींवर जमणारे दव, यांमुळे टाकीच्या तळाला पाणी साचते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते आणि नळीचे तोंडही तळाजवळच असते. फिल्टरच्या खालचा स्क्रू सोडून पहिले वाटीभर द्रव काचेच्या बाटलीत घ्यावे आणि पंधरा मिनिटे उभे ठेवावे. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. पाणी पंपाच्या आतल्या भागांना वंगण पुरवत नाही आणि गंज चढवते, म्हणून ते वेळीच काढले नाही तर पंप खरोखरच खराब होतो.

पांढरा धूर असेल तर, ज्या इंजिनांना हीटर प्लग आहेत त्यांचे प्लग एकेक करून तपासावेत. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो आणि चारपैकी दोन प्लग गेलेले असले तरी उन्हाळाभर कोणाच्या ध्यानात येत नाही. प्लग ठीक असूनही पांढरा धूर येत राहिला, इंजिन तेल पीत असेल आणि तेलाच्या झाकणातून वाफ उसळत असेल, तर कॉम्प्रेशन मोजण्याची वेळ आली आहे. त्यासाठी डिझेलचाच गेज लागतो. पेट्रोल गाडीचा गेज एवढा दाब दाखवू शकत नाही. हे काम गॅरेजचे आहे, मालकाने खटपट करू नये. पण ‘इंजिन बांधावे लागेल’ असे सांगितले गेले, तर चारही सिलिंडरांचे आकडे कागदावर मागण्याचा मालकाला हक्क आहे.

पंपाची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण पंप कधी खराब होतच नाही असे माझे म्हणणे नाही. त्याची एक खूण मामांनी सांगितली ती उन्हाळ्यात फार उपयोगी पडते. गाडी पहाटे थंडीत चटकन सुरू होते. साठ-सत्तर किलोमीटर चालून आल्यावर, इंजिन तापलेले असताना वीस मिनिटे उभी केली की सेल्फ फिरतो आणि गाडी धरत नाही. तासाभराने गार झाली की पुन्हा सुरू होते. गरम डिझेल पातळ होते आणि पंपाचे आतले भाग झिजलेले असतील तर सेल्फच्या कमी वेगात ते फटींतून निसटून जाते, नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. अशा वेळी पंपावर ओले फडके ठेवून तो हळूहळू गार होऊ दिला आणि गाडी सुरू झाली, तर संशय पंपावर घ्यायला सबळ कारण मिळते. तापलेल्या पंपावर एकदम गार पाणी ओतू नये, त्याने तो जाम होऊ शकतो. माझ्या गाडीची तक्रार याच्या अगदी उलट होती, ती तापलेली असताना कधीच अडली नव्हती. हा फरक विचारला गेला असता तरी पंप उतरला नसता.

येथे एक सावधगिरीची सूचना अत्यंत गरजेची आहे. वरील सर्व विवेचन यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांना लागू आहे. गाड्यांच्या प्रदूषणावरील भारत स्टेज-४ ची मानके १ एप्रिल २०१७ पासून देशभर आणि भारत स्टेज-६ ची १ एप्रिल २०२० पासून लागू झाली, आणि या काळातील बहुतेक पिकअप कॉमन रेल पद्धतीच्या (सर्व नोझलना एकाच सामाईक नळीतून, म्हणजे रेलमधून, प्रचंड दाबाचे डिझेल देणाऱ्या) आहेत. त्या गाड्यांत रेलमधील दाब हजार बारच्याही (बार हे दाबाचे एकक) वर जातो. तेथे नोझलचे पाइप सैल करून हवा काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. त्या गाड्यांना स्कॅनर (गाडीच्या संगणकातील दोष वाचणारे यंत्र) लावूनच तपासावे लागते. मालकाने पाहण्याजोगी एक गोष्ट म्हणजे सेल्फ मारताना आरपीएमचा काटा किंचित तरी हलतो का. बऱ्याच गाड्यांत तो अजिबात हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरते आहे हे गाडीच्या संगणकाला कळवणाऱ्या भागावर) संशय घेता येतो, आणि तेवढे मिस्तरींना सांगितले तरी त्यांचा वेळ वाचतो.

गाडी सुरू होत नसली की घाईत जे केले जाते, त्याबद्दलही लिहिले पाहिजे. मिनिट-मिनिटभर सेल्फ मारत राहिल्याने सेल्फचे वाइंडिंग जळते. दहा ते पंधरा सेकंद मारून किमान एक मिनिट थांबावे. हवेच्या नळीच्या तोंडाशी पेटता बोळा धरणे किंवा पेट्रोलने भिजवलेले फडके लावणे, हे प्रकार आजही थंडीच्या पहाटे खळ्याखळ्यांत चालतात. पेट्रोलची वाफ किंवा इथरचा फवारा हा डिझेलच्या कितीतरी आधी, पिस्टन वर चढत असतानाच पेटतो. त्याने पिस्टन आणि रिंगा फुटतात, आणि हीटर प्लग तापलेले असतील तर नळीतच भडका उडून माणूस भाजतो. एका पहाटेच्या बाजारासाठी एवढी मोठी जोखीम कोणी घेऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

आता आपल्या वृत्तपत्राद्वारे दोन विनंत्या करतो. पहिली गॅरेजचालक बंधूंना. आपल्या कामाविषयी मला आदर आहे आणि रस्त्याच्या कडेला, उन्हात, ग्रीसने माखून आपण जे काम करता त्यावर आमची शेती चालते. परंतु पाचशे रुपयांपेक्षा मोठा कोणताही भाग बदलण्यापूर्वी, काय तपासले आणि काय आढळले हे बिलाच्या पाठीमागे दोन ओळींत लिहून द्यावे आणि काढलेला जुना भाग मालकाच्या हाती द्यावा. ‘धूर नाही, सोलेनॉइडला करंट आहे, कॅनवर गाडी सुरू झाली’ एवढे लिहिलेले असले, तरी पुढच्या मिस्तरीचा निम्मा दिवस वाचतो. आणि या तपासणीची मजुरी वेगळी घ्यावी. ती देण्यात मालकांनी कुरकुर करू नये. सुटा भाग विकल्याशिवाय मिस्तरीला पैसे मिळत नाहीत, अशी व्यवस्था आम्हीच लावून ठेवली असेल, तर भाग बदलले जाण्याचा दोष एकट्या मिस्तरीचा म्हणता येणार नाही. दोनशे-तीनशे रुपये तपासणीचे द्यायला आम्ही का-कू करतो आणि पंपाचे अठरा हजार मुकाट्याने मोजतो.

दुसरी विनंती जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना. ज्या संस्थांत डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, तेथील निदेशक व विद्यार्थ्यांनी केळी, कापूस आणि भाजीपाल्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तालुक्याच्या आठवडे बाजाराच्या दिवशी एखादी जुनी पिकअप उभी करून धूर पाहणे, हवा काढणे, कॅनवर गाडी चालवून दाखवणे आणि फिल्टरमधले पाणी काढणे एवढ्या चार गोष्टींचे प्रात्यक्षिक दाखवावे. त्याला फार तर अर्धा दिवस लागेल. विद्यार्थ्यांना खऱ्या दोषाची गाडी हाताळायला मिळेल, आणि ज्यांच्या घरात एकच गाडी आहे व तीच त्यांची बाजाराची वाट आहे, त्यांना पहाटे साडेतीन वाजता काय पाहायचे हे कळेल. आमच्या गावातले आम्ही पाच-सहा पिकअपमालक अशा प्रात्यक्षिकासाठी आमच्या गाड्या, पारदर्शक नळी आणि डिझेलचा कॅन घेऊन यायला तयार आहोत. संबंधित संस्थांनी दिवस कळवावा. आपल्या कृषी पुरवणीत या विषयाला थोडी जागा मिळाली, तर अमळनेरचे मामा स्वतः येऊन दाखवायला तयार आहेत, असा त्यांचा निरोप आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक वांगी उत्पादक व पिकअपमालक,
ता. यावल, जि. जळगाव.